राज्याचे उत्पन्न वाढते, मग मुलांचे वजन का वाढत नाही?

धागाकर्ती : दंडघेर

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका तालुक्यात अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून २९ वर्षे काम केले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. अर्थशास्त्र मी शिकलेले नाही, परंतु नोकरीच्या काळात एक प्रश्न सतत मनात राहिला आणि आता वेळ मिळाल्यावर त्यावर थोडे वाचन केले. येथे जाणकार मंडळी आहेत, म्हणून तो प्रश्न आपल्यापुढे सविस्तर मांडते.

अंगणवाडीत वजने घेण्याचा दिवस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. छताच्या कडीला काटा अडकवायचा, त्याला कापडी झोळी लावायची, काटा शून्यावर आणायचा आणि मग मूल झोळीत ठेवायचे. मूल रडत हातपाय झाडत असते, त्यामुळे काटा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. घाई केली तर दोनशे ग्रॅमची चूक सहज होते, आणि तेवढ्याने मूल एका श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत जाते. त्यानंतर डाव्या दंडाला पट्टी गुंडाळायची. पट्टीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे असतात, आणि घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल लाल पट्ट्यात, म्हणजे तीव्र कुपोषित, ज्याला आम्ही सगळ्या जणी ‘सॅम’ म्हणतो. माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या वळशात पूर्ण मावतील असे दंड मी शेकड्यांनी पाहिले आहेत.

आता दुसरा आकडा. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल विधिमंडळात मांडला जातो. मार्च २०२५ मधील अहवालात २०२४-२५ या वर्षासाठी राज्याचे स्थूल उत्पन्न ४५ लाख ३१ हजार कोटी रुपयांच्या घरात आणि दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये अपेक्षित धरले होते. या हिशेबाने पाच माणसांच्या घरात वर्षाला साडेपंधरा लाख रुपये यायला हवेत. सरासरी म्हणजे काय हे मला कळते, कंपन्यांचा नफाही त्याच बेरजेत असतो हेही कळते. तरीही माझ्या तालुक्यातील जवळपास दोनशे अंगणवाड्यांच्या गावांमधून ज्या घरात वर्षाला साडेपंधरा लाख येतात असे घर शोधायला निघाले, तर मी सायंकाळी रिकाम्या हाताने परत येईन.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी होती. पाचव्या फेरीत ती ३५.२ टक्के झाली. उंचीच्या मानाने लुकडी मुले दोन्ही वेळा २५.६ टक्के, आणि कमी वजनाची मुले ३६.० वरून ३६.१ टक्के. रक्तक्षय असलेल्या मुलांचे प्रमाण तर ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. कोणी म्हणेल की मध्ये करोना आला. परंतु पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम २०१९ मध्येच संपले होते. म्हणजे या मधल्या चार वर्षांत राज्याचे उत्पन्न दरवर्षी वाढत राहिले आणि झोळीतला काटा मात्र जागचा हलला नाही. केरळमध्ये याच पाहणीत कमी वजनाची मुले १९.७ टक्के होती.

वाचन करताना दोन गोष्टी सापडल्या. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत ज्यांनी घडवली त्या सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी संसदेला दिलेल्या पहिल्याच अहवालात बजावले होते की, या मोजमापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज जवळजवळ बांधता येत नाही. दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. भारताचे दरडोई उत्पन्न प्रथम काढले ते मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ या काळासाठी त्यांचा आकडा साधारण २० रुपये होता. पण तो आकडा काढून ते थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करते याच्याशी त्यांनी तो ताडून पाहिला आणि दाखवून दिले की, कैद्याला जेवढे मिळते तेवढेही सरासरी रयतेच्या वाट्याला येत नाही. आपल्याकडे उत्पन्नाचा पहिला आकडा जन्माला आला तोच माणसाच्या ताटाशेजारी ठेवण्यासाठी. ते ताट आकड्याच्या शेजारून कधी उचलले गेले, हा माझा प्रश्न आहे.


प्रतिसाद : उद्योगनगर

दंडघेर ताई, आपण मांडलेले आकडे खरे आहेत आणि ते वाचून अस्वस्थ व्हायला होते. तरीही दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण अशा चर्चांमधून ‘वाढ नकोच’ असा सूर निघू लागला की त्याचा त्रास सर्वांत आधी गरिबांनाच होतो.

माझा चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे, २२ कामगार आहेत. २०२० च्या टाळेबंदीत देशाचे उत्पन्न घटले, म्हणजे काय झाले ते मी शॉपवर उभे राहून पाहिले. ऑर्डरी थांबल्या, मशीन बंद पडली, आणि जालना, हिंगोली, बिहारकडची मुले पाठीला पिशव्या बांधून निघाली. वाढीचा दर उणे झाला की तो आधी त्यांच्या डब्यात उतरतो. बड्या घरांना तो कळतही नाही.

दुसरे असे की, चित्र सगळीकडेच थांबलेले नाही. निती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत, जी उत्पन्नावर अवलंबून नसून आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान पाहते, महाराष्ट्रातील गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८ टक्के होते ते २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आले. अर्भक मृत्युदर २०२० मध्ये महाराष्ट्रात हजारी १६ होता, देशाचा २८ होता. रस्ता झाला म्हणून गरोदर बाई दवाखान्यात पोहोचली, वीज आली म्हणून लसींचे फ्रीज चालले, आणि या सगळ्याला लागणारा कर उद्योगांतून आला. केरळचे उदाहरण सगळे देतात, पण केरळच्या कित्येक घरांची चूल आखातातून येणाऱ्या पैशावर चालते, म्हणजे दुसऱ्या कोणत्या तरी देशाच्या वाढीवर, हे कोणी सांगत नाही. आधी पोळी मोठी करावी लागते, मग वाटणीची गोष्ट.


प्रतिसाद : सिंदफणा

मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. उद्योगनगर साहेब, वाढ नको असे कोणीच म्हणत नाही. राज्याच्या उत्पन्नात जे जमा होते त्यात काय काय असते, एवढे मला एका उदाहरणाने दाखवायचे आहे, कारण ते उदाहरण दर दिवाळीला माझ्या शाळेच्या दारावरून ट्रॅक्टरमध्ये बसून जाते.

ऊसतोडीत मजूर एकटा धरला जात नाही, नवरा-बायकोची जोडी धरली जाते आणि त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचेच नाव माणसांच्या जोडीला पडले आहे. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, आता ती लाखाच्या पुढेही जाते, आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली असते. पहाटे चारला उठून फडात जायचे, त्याने तोडायचे, तिने पाचट काढून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ मांडला जातो, आणि खाड्याची मजुरी तर जातेच, वर पाचशे रुपयांपर्यंतचा दंड उचलीत वाढतो.

फडावर न्हाणीघर नसते, पाणी नसते, पाळीच्या दिवसांत बाजूला बसायला जागा नसते. अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे हे कित्येक जणींच्या मागे कायम लागलेले असते. मग गावाकडे आल्यावर कुठल्या तरी खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’ असे सांगितले जाते. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळपास सहापैकी एकीचे. देशभरात हे प्रमाण साधारण ३ टक्के आहे. यातील कित्येक जणी तिशी-पस्तिशीतल्या होत्या. माझ्या वर्गातील एका मुलीची आई ३१ वर्षांची आहे आणि कंबरदुखीमुळे आता तिला घागर उचलत नाही.

आता हिशेब करून पाहा. तिने बांधलेल्या मोळ्यांची साखर झाली, इथेनॉल झाले, ते राज्याच्या उत्पन्नात आले. शस्त्रक्रियेसाठी दवाखान्याने घेतलेले तीस-पस्तीस हजार सेवाक्षेत्राच्या उत्पन्नात आले. नंतर कायमची लागलेली कॅल्शियमची आणि दुखण्याची औषधे आली, तीही उत्पन्नात आली. वजा काहीच झाले नाही. तिची गेलेली ताकद, तिच्या मुलीचे बुडलेले सहा महिने, तिच्या मांडीवरच्या मुलाचे फडावर धुळीत गेलेले दिवस, यांना वजाबाकीचा रकानाच नाही. दुखणे येवो की सुख येवो, पावती फाटली की उत्पन्न वाढते, अशी ती पद्धत आहे.

पोळी मोठी करण्याविषयी आपण लिहिले. ज्या भाकरीचे पीठ हिच्या कमरेतून निघाले, तिच्या वाटणीची पाळी आधीच का येऊ नये, एवढेच विचारायचे आहे.


प्रतिसाद : मांजरा

सिंदफणा सर, आमच्या लातूरचे थोडे जोडतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी आले, पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. ते आले नसते तर शहर रिकामे करावे लागले असते, त्यामुळे आणणाऱ्यांविषयी कृतज्ञताच आहे. पण आड भरलेला असताना आमची आजी जे पाणी शेंदायची त्याची नोंद कोठे नव्हती, आणि तो आड आटून टँकर लागला, त्या टँकरच्या खेपेला पाचशे-सहाशे रुपये मोजले, तेव्हा त्याची नोंद झाली. आमच्या भूजलातून किती गेले हे राज्याच्या उत्पन्नातून कधीच वजा होत नाही. बँकेतली ठेव मोडून खाणाऱ्याला कोणी कमावता म्हणत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण तसे म्हणतो.


प्रतिसाद : दंडघेर

उद्योगनगर सर, बहुआयामी गरिबीचा आकडा आपण आणलात ते बरे केले, मीही तो पाहिला होता आणि त्याने मला थोडा दिलासाही वाटला. मात्र तो कसा तयार होतो हे पाहिले पाहिजे. त्यात बारा निकष आहेत, आणि कुटुंबाची एकूण वंचितता एक तृतीयांशाच्या खाली आली की ते कुटुंब गरिबांतून बाहेर पडते. बँक खाते उघडले, संडास झाला, गॅस आला, वीज आली, की कुटुंब रेषेबाहेर जाऊ शकते, आणि त्या घरातील मूल त्याच वेळी लाल पट्ट्यात असू शकते. मी अशी घरे पाहिली आहेत. गॅसची शेगडी होती, तिच्यावर झाकण घालून ठेवलेले होते, आणि सिलिंडर परत भरायला पैसे नव्हते. जे झाले ते चांगलेच झाले, ते मी नाकारत नाही. पण वस्तू घरात येणे आणि अन्न अंगी लागणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर पट्टीवरच कळते.


प्रतिसाद : वैनगंगा

चर्चा चांगल्या वळणावर आहे म्हणून गडचिरोलीचा अनुभव लिहितो. हा जिल्हा राज्याच्या मानव विकास अहवालांत सातत्याने तळाशी असतो. उद्योगनगर साहेबांच्या मताप्रमाणे येथे आधी उत्पन्न वाढायला हवे होते आणि मग बालमृत्यू कमी व्हायला हवे होते. घडले ते वेगळ्या क्रमाने.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू केली तेव्हा येथे हजार जन्मांमागे १२० च्या आसपास बालके वर्ष पुरे होण्याआधी जात होती. १९९५ पासून ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचे, बाळाला लगेच कोरडे करून गुंडाळायचे, वजन करायचे, पहिल्या महिन्यात पुन्हा पुन्हा घरी जायचे. न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाला श्वास किती हे मोजावे लागते, आणि ज्या बाईला फार पुढे मोजता येत नाही तिच्यासाठी त्यांनी मण्यांचे एक साधे श्वासमापक यंत्र बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर इंजेक्शनसुद्धा त्याच द्यायच्या, ज्यावर त्या काळी पुष्कळ वाद झाला. तीन वर्षांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरला, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली तो निष्कर्ष छापून आला, आणि २००३ पर्यंत त्या गावांतला अर्भक मृत्युदर ३० वर आला. २०११ पासून आशाताई देशभर ज्या गृहभेटी देतात त्यांचे मूळ येथे आहे.

या दहा-पंधरा वर्षांत या गावांत कारखाना आला नाही, सिंचन आले नाही. धान आणि मोहफूल तसेच होते. राज्याच्या उत्पन्नात या कामाची भर किती पडली असेल? आरोग्यदूतांना मिळालेले तुटपुंजे मानधन, एवढीच. वाचलेल्या जीवांची भर शून्य. उलट लोकसंख्या वाढली म्हणून दरडोई उत्पन्न कणभर खालीच गेले असेल. माझ्या शेजारी २५ वर्षांचा एक मुलगा राहतो, जन्मला तेव्हा दीड किलोचा होता. आज तो ट्रॅक्टर चालवतो. ज्या मोजमापात त्याचे जगणे हे भागाकारातला छेद वाढणे एवढेच ठरते, ते मोजमाप समृद्धीचे म्हणवून घ्यायला पुरे पडत नाही असे मला मनापासून वाटते.


प्रतिसाद : पाझर तलाव

मी ७१ वर्षांचा आहे, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला. उत्पन्न आणि कल्याण या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला पुस्तकातून कळले नाही, १९७२ च्या दुष्काळात कळले.

पावसाने सलग दगा दिल्यावर त्या वर्षी राज्यातील शेतीचे उत्पन्न कोसळले होते. गावात दाणा नव्हता. आमची बैलजोडी बाजारात मातीमोल किमतीला गेली. उत्पन्न हेच सर्वस्व असते तर त्या साली लाखो माणसे मेली असती, जशी इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळांत मेली. तसे झाले नाही. दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसे कामावर होती असे पुढे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आमच्या घरातून आई, थोरली वहिनी आणि मी, असे तिघे पाझर तलावाच्या कामावर होतो. मी तेव्हा कॉलेजला जाणार होतो, त्याऐवजी खडी फोडली. मस्टरवर नाव लागायचे, आठवड्याला पगार व्हायचा, दुपारी सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापताना काठ तुटायचे. पण ती भाकरी आई रोज सगळ्यांना मोजून द्यायची आणि आमच्या घरात कोणी उपाशी झोपले नाही.

त्या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली. वि. स. पागे यांचा त्यात मोठा वाटा होता. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम नाही दिले तर भत्ता, कामावर पाळणाघर. पैसा कोठून आला हे उद्योगनगर साहेबांना आवडेल. शहरातील नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला आणि तो या योजनेला जोडला. मुंबईच्या कचेरीत बसलेल्याच्या पगारातून आमच्या तलावाची माती निघाली. त्याआधी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दिवसाला २,२५० उष्मांक मिळवण्याइतका खर्च किती जणांना परवडत नाही याचा हिशेब मांडून दाखवला होता, आणि काम देणे हाच त्यावर उपाय सुचवला होता. म्हणजे आपल्याकडच्या अर्थशास्त्रज्ञांना ताट दिसत होते, ताई. ते त्यांनी उष्मांकांत मोजले.


प्रतिसाद : उद्योगनगर

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. व्यवसाय कराची गोष्ट मला ठाऊक होती, दर महिन्याला मी कामगारांच्या पगारातून तो कापून भरतो, पण त्याचा उगम दुष्काळी कामांत आहे हे माहीत नव्हते. पाझर तलाव काका, त्याबद्दल आभार.

माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण थोडा बदलतो. पैसा वाढीतूनच येणार, मात्र तो आपोआप ताटापर्यंत वाहत जात नाही, त्याला पाट काढून द्यावा लागतो. ‘आधी पोळी, मग वाटणी’ असे मी लिहिले ते चुकले. १९७२ मध्ये पोळी लहान झाली असतानाच वाटणीची व्यवस्था उभी राहिली, आणि २०१९ मध्ये पोळी कितीतरी मोठी असताना मुलांचे वजन वाढले नव्हते. हे दोन्ही एकाच राज्यात घडले आहे, त्यामुळे ‘ऐपत नव्हती’ हे उत्तर टिकत नाही.

एक शंका राहते. उत्पन्नाचा आकडा तीन महिन्यांत कळतो, कुटुंब आरोग्य पाहणी चार-पाच वर्षांनी येते. आकडा उशिरा आला की त्यावर कोणाला जबाबदार धरता येत नाही. माझ्या कारखान्यात नापास मालाचा आकडा पाच वर्षांनी कळला असता तर कारखाना कधीच बंद पडला असता.


प्रतिसाद : ओसरी

वेगळ्या बाजूने एक अनुभव. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा मी पुण्यातील एका खासगी कंपनीतील नोकरी सोडली आणि चार वर्षे त्यांचे सगळे केले. भरवणे, कूस बदलणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री दोनदा उठणे. त्या चार वर्षांत देशाच्या हिशेबी मी काहीच केले नाही. पुढे माझी पाठ गेली आणि आम्ही ब्युरोतून मावशी ठेवल्या, तेव्हा तेच काम महिना अठरा हजारांचे झाले आणि उत्पन्नात जमा झाले. मावशी त्यांच्या घरी त्यांच्या आजारी सासऱ्यांना त्या काळात पुरेसे पाहू शकत नव्हत्या, त्याची नोंद अर्थातच कोठे नाही.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. या २८९ मिनिटांचे रुपये करून उत्पन्नात मिळवा अशी माझी मागणी नाही, कारण रुपये झाले म्हणून माझी रात्रीची झोप परत आली नसती. दर दोन-तीन वर्षांनी हा मिनिटांचा आकडा कमी झाला का, पाळणाघर आणि वृद्धांची सोय वाढून बायकांचा वेळ सुटला का, एवढे जरी उत्पन्नाच्या बातमीसोबत छापले तरी आपण कोठे आहोत हे कळेल.


प्रतिसाद : दंडघेर

उद्योगनगर सर, आकडा उशिरा येतो ही आपली तक्रार अर्धीच खरी आहे. आकडा दर महिन्याला तयार होतो. प्रत्येक अंगणवाडीत प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची घेतली जाते आणि आता ती मोबाईलवर भरलीही जाते. तो आकडा चांगला दिसावा यासाठी वरून दबाव येतो, काट्यापेक्षा पेनने वजन वाढवले जाते, हेही मला लपवायचे नाही. मी स्वतः अशा नोंदी पकडल्या आहेत आणि एक-दोनदा डोळ्यांआड केल्या आहेत, त्याचे वाईट वाटते. कारखान्यात नापास माल दाखवणाऱ्यालाच दंड केला तर तो नापास माल दाखवणार नाही, तसेच हे आहे. सॅम मुले जास्त सापडली म्हणून ताईला नोटीस द्यायची नाही, आणि तिने सापडवली म्हणून तालुक्याला जास्त आहार आणि डॉक्टर पाठवायचा, एवढे झाले तर खरे आकडे महिन्याच्या महिन्याला मिळतील.

सिंदफणा सरांचा प्रतिसाद वाचल्यापासून एका नोंदवहीचे पान डोळ्यांसमोर आहे. निवृत्तीच्या वर्षी एका तांड्यावरच्या अंगणवाडीत मी ते पाहिले. मुलगी पावणेदोन वर्षांची. ऑक्टोबरचे वजन ९ किलो ४०० ग्रॅम. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या पाचही रकान्यांत ‘स्थलांतरित’ असा शेरा. एप्रिलचे वजन ८ किलो ९०० ग्रॅम. पाच महिन्यांत मूल वाढायला हवे होते, ते अर्धा किलोने कमी होऊन परत आले. त्याच पाच महिन्यांत राज्याच्या साखर उद्योगाचा हंगाम भरात असतो. ताईने लिहिले ते बरोबरच लिहिले, मूल गावात नव्हते. जेथे होते तेथील अंगणवाडीत त्याचे नाव नव्हते, कारण फडावरच्या कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, दर काही आठवड्यांनी हलतात. ज्या काळात उत्पन्न सर्वांत वेगाने जमा होत होते, नेमक्या त्या काळात ते मूल कोणत्याच वहीत नव्हते.

सर, आपल्या शाळेच्या हजेरीपटावर त्या महिन्यांत काय दिसते?


प्रतिसाद : सिंदफणा

ताई, माझ्या वर्गाच्या पटावर ३१ मुले आहेत. दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा १२ ते १४ समोर बसलेली असतात. हंगामी वसतिगृह म्हणजे आई-बाप कारखान्यावर गेल्यावर आजी-आजोबांजवळ गावातच राहणाऱ्या मुलांना दोन वेळचे जेवण देण्याची सोय. एका वर्षी ते ट्रॅक्टर निघण्याआधी मंजूर होऊन वेळेवर सुरू झाले, तेव्हा २४ मुले मागे राहिली आणि मार्चपर्यंत टिकली. बाकीच्या वर्षी मंजुरी डिसेंबरात येते. तोवर मुले फडावर पोहोचलेली असतात.

यंदाचा प्रस्ताव मी मुख्याध्यापकांकडे ऑगस्टमध्येच दिला आहे. पहिला ट्रॅक्टर निघाला की येथे कळवतो.